खिडकीसमोरची जागा

मला हल्ली फोन येतात ते बाग करायला नाही, बाग काढायला. "काका, ते सगळं उपटा आणि पेव्हर ब्लॉक टाकून द्या," असं कोणीतरी सांगतं. पत्ता विचारला की कळतं, ही बाग आपणच केलेली. गेल्या उन्हाळ्यात तर लावायच्या कामापेक्षा उपटायचीच कामं जास्त आली. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा, वाचकाला प्रसन्न वाटेल असं लिहा," म्हणून गळ घातली आणि मी भिडेपोटी हो म्हणून बसलो. पण प्रसन्न वाटेल असं माझ्याकडे फार उरलेलं नाही. जे आहे ते लिहितो.

मी मूळचा मोहोळकडचा. सोलापुरात कधी आलो, कोणाच्या नर्सरीत राबलो, हे सांगत बसत नाही, कारण त्यात विशेष काही नाही. पण माझा धंदा नेमका काय, ते सांगायला हवं. लोक मला माळी समजतात. माळी वेगळा. माळी झाडं लावतो, छाटतो, पाणी घालतो. मी बाग मांडतो. आता सगळे 'झोन' म्हणतात. 'सिटिंग झोन कुठं, किड्स झोन कुठं?' आम्ही नुसतं जागा म्हणायचो. बसायची जागा, खेळायची जागा, फुलांची जागा, कामाची जागा. माणूस कुठून येणार, कुठं टेकणार, दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर आपटणार, मोरीचं पाणी कुठून वाहणार, हे ठरवायच्या आधी लावलेलं झाड कधी ना कधी कोणाच्या तरी वाटेत येतं आणि तोडलं जातं.

नवं काम मिळालं की मी सुरुवातीला काहीच करत नाही. रिकामी जागा झाडून घेतो, वर चाळलेली माती पसरतो आणि घरच्यांना सांगतो, तुम्ही नेहमीसारखे वागा. मग काही दिवसांनी जाऊन पावलं बघतो. कितीही मोठ्या घरची माणसं असोत, सगळी पावलं मागच्या दारातून धुण्याच्या दगडाकडे आणि तिथून वाळत घालायच्या दोरीकडे गेलेली असतात. पुढच्या दारी, जिथं त्यांना हिरवंगार लॉन हवं असतं, तिथं पेपरवाल्याचं पाऊल असतं आणि मांजराचं. हे दाखवलं की गिऱ्हाईक जरा ओशाळतं. मग मी खुंट्या ठोकतो, दोरी ताणतो आणि फक्की मारतो. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी, मैदानावर खेळाच्या रेघा मारतात तीच. मातीवर ती रेघ उठली की मला आजही बरं वाटतं. बाकी सगळं बिघडायचं असतं ते त्यानंतर.

सोलापुरात आणखी एक गोष्ट ठरवावी लागते, ती मात्र गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी सांगत नाहीत. कोण आधी मरणार ते. इथं नळाला पाणी रोज येत नाही, आणि मे महिन्यात बोअर खरखरायला लागली की सगळी बाग जगत नाही. तेव्हा आधी लॉन सोडायचं, मग हंगामी फुलं, मग कुंपणाची झुडपं. मोठी झाडं शेवटपर्यंत धरायची. म्हणून ज्यांना एकदम सोडायचं ती एका जागी आणि ज्यांना वाचवायचं ती एका जागी, अशीच मांडणी करावी लागते. सगळं एकमेकांत मिसळलं की माणूस सगळ्यांना थोडं थोडं पाणी घालतो आणि सगळीच घालवतो. मी हे गिऱ्हाइकाला मार्चमध्ये सांगतो. "अहो, असं अभद्र काय बोलता," असं बहुतेक जण म्हणतात, आणि जूनमध्ये मलाच बोल लावतात.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. चिंचोळी एमआयडीसीत एका कारखानदाराला कारखान्याच्या आवारात ध्यानाची जागा हवी होती. जागा त्यानंच ठरवलेली, जनरेटरच्या शेजारी, कारण दुसरीकडे ट्रक वळायचे. मी म्हटलं, "साहेब, इथं ध्यान कसं लागणार?" ते म्हणाले, "लागायचं कशाला? दिसलं पाहिजे. बाहेरची पार्टी येते." बांबू लावला, गोटे टाकले, मध्ये एक मूर्ती बसवली. आता तिथं ड्रायव्हर लोक डबा खातात. जनरेटर बंद असला की तेवढी सावलीची जागा दुसरी नाही, म्हणजे कोणाच्या तरी कामी आली.

एका निवृत्त प्राध्यापकांनी मला फाटकाशी गाठून हळूच सांगितलं की त्यांना बसायला अशी जागा पाहिजे, जी स्वयंपाकघरातून दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी चहा देताना तितक्याच हळू सांगितलं की त्यांना अशी जागा पाहिजे, जी साहेबांच्या खोलीतून दिसणार नाही. मी दोघांनाही दोन टोकांना जागा करून दिली, मध्ये जास्वंदीचं दाट कुंपण घातलं आणि स्वतःवर खूश झालो. पुढं कधीतरी गेलो तर दोघंही मागच्या दाराच्या पायरीवर शेजारी शेजारी बसून वाद घालत होते. दोन्ही बाकांवर कबुतरांची घाण साचलेली. तेव्हा मी हसलो. माणसं आपण मारलेल्या रेघेत राहत नाहीत, हे तेव्हाच लक्षात घ्यायला पाहिजे होतं. पण मी ते विनोदावारी नेलं.

आता ज्या घराबद्दल खरं म्हणजे लिहायचं आहे त्याकडे येतो.

अक्कलकोट रस्त्याच्या अंगाला विडी कामगार बायकांसाठी झालेली एक वसाहत आहे. तिथली घरं बायकांच्या नावावर आहेत. त्या बाजूला मी एका शाळेचं काम करत होतो. रोज जाता-येता एका दारातली बाई माझ्या खुंट्या-दोऱ्यांकडे टक लावून बघायची. एक दिवस तिनं हाक मारली.

"ओ बागवाले, गरिबाची बाग करतेत का तुमी, का नुस्ती शाळंचीच?"

ही राजव्वा. घरात तेलुगू बोलायची, माझ्याशी सोलापुरी मराठी. तिचे यजमान नरसय्याअण्णा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग चालता करणारा माणूस. नुकतेच घरी बसले होते. एकुलता मुलगा भिवंडीला, तोही मागाच्याच धंद्यात. घराच्या पश्चिमेला एक पट्टा मोकळा होता, त्यात जुनी खोकी, गंजलेला पत्रा आणि अण्णांची सायकल.

मी नेहमीसारखं विचारलं, काय काय पाहिजे? राजव्वा म्हणाली, "मला काय बी नको. सावलीला एक ओटा करा. जल्मभर तंबाकूचं सूप मांडीवर घिऊन बसले बगा. आता मोकळ्या मांडीनं बसायचं हाय."

असं गिऱ्हाईक मला त्याआधी आणि त्यानंतर मिळालं नाही. कशासाठी जागा पाहिजे हे तिला ठाऊक होतं. मी माती पसरली, पावलं बघितली, फक्की मारली. मागच्या दाराशी धुण्याची जागा, मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ. कोपऱ्यात शेवगा. खोलीची खिडकी पश्चिमेकडे होती. तिच्या समोर ओटा, वर वेलाची सावली, ओट्याला लागून मोगरा आणि अबोली. अण्णा सगळा वेळ सायकल धरून उभे.

"माजी सायकल कुटं लावू?" त्यांनी शेवटी विचारलं.

"डोक्यावर," राजव्वा म्हणाली.

सायकललाही मी जागा काढून दिली. पुढं त्या बाजूला गेलो की मी मुद्दाम वाट वाकडी करायचो. संध्याकाळी राजव्वा ओट्यावर बसलेली असायची, हात रिकामे, मांडी रिकामी. अण्णा खाली पायरीवर. फारसं बोलत नसत. मी केलेल्या बागांमध्ये जिथं माणसं मांडल्या जागी बसलेली दिसली, अशी ती एकच.

मग राजव्वाची पाठ दुखायला लागली. विड्या वळणाऱ्या बाईची पाठ दुखायचीच, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी दाखवलं तेव्हा तो हाडातला कॅन्सर निघाला आणि पसरलेला निघाला. दवाखान्यात ठेवून उपयोग नाही, घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिची कॉट खिडकीला लावली. ओटा तिच्यापासून चार हातांवर होता, पण तिथं जाणं संपलं.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा अण्णांचा फोन आला. "मोगरा जळाय लागलाय. यिऊन जावा."

मी गेलो. पानांच्या कडा करपलेल्या, कळ्या उमलायच्या आधीच वाळलेल्या. मला वाटलं, पाण्याची ओढ बसली असेल. पण माती ओली होती. नुसती ओली नाही, चिखल. आणि कडेनं जिथं माती सुकत आली होती, तिथं पांढरा थर धरलेला. बोट लावून चाटून बघितलं तर मीठ. विचारलं, "पाणी कुठलं घालता?"

अण्णांनी अभिमानानं सांगितलं. वसाहतीत सगळ्यांकडे बोअरचं मचूळ पाणी, म्हणून बहुतेक घरांत पाणी शुद्ध करायची मशीन. त्या मशीनमधून थोडं पाणी प्यायला मिळतं आणि उरलेलं पाइपनं वाया जातं. ते वाया जाणारं पाणी गल्लीभर प्रत्येक घरात बादलीत धरून ठेवायला त्यांनी सांगितलं होतं. दिवसभर दारोदार जाऊन त्या बादल्या ते आणायचे आणि खिडकीसमोरच्या जागेला घालायचे. बाकीच्या बागेला काही नाही, सगळं इथंच. "मशिनीतनं आलेलं पाणी हाय, सोच्च," ते म्हणाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मशीन पाण्यातलं मीठ नाहीसं करत नाही, बाजूला काढतं. प्यायच्या पाण्यातून काढलेलं सगळं मीठ त्या वाया जाणाऱ्या पाण्यात असतं. ते भांड्यांना, फरशीला चालतं. झाडाला रोज घातलं तर झाड उपाशी मरत नाही, भरल्या पोटी मरतं. आपल्याकडच्या मचूळ पाण्यात ही चूक भलीभली माणसं करतात, कारण पाणी वाया घालवायचं इथं कोणाच्याही जिवावर येतं. सगळ्यात लाडकी जागा आधी जाते, कारण सगळ्यात जास्त पाणी तिलाच मिळतं.

मी अण्णांना हे समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना कळलं, हे मला दिसलं. इतकी वर्षं माग दुरुस्त केलेला माणूस, त्याला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. "बंद करा हे पाणी. अळवाच्या अंगाची माती इकडे ओढू, थोडं गोडं पाणी देऊ, बघू काय वाचतंय," असं सांगून मी आलो.

पुढच्या खेपेला गेलो तर अण्णा बादली घेऊन उभेच. तीच बादली, तेच पाणी. मोगऱ्याच्या नुसत्या काटक्या राहिलेल्या आणि ते त्या काटक्यांच्या बुडात पाणी ओतत होते. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अहो अण्णा, झाडं मेली! कोणाला पाणी घालताय?"

"व्हय, मेली," ते म्हणाले आणि बादली रिकामी करून दुसऱ्या घराकडे गेले.

तेवढ्यात आतून राजव्वानं मला हाक मारली.

मी आत जाऊन कॉटजवळच्या स्टुलावर बसलो. ती अगदी सुकली होती. पण आवाज तोच, डोळेही तेच. म्हणाली, "बागवाले, एक काम हाय. न्हाय म्हनू नका. ही बाग काडून टाका."

मी म्हटलं, "अक्का, पाणी बदललं तर अबोली तरी येईल परत."

"मला झाडं नकोत. तितं फरशी टाका, काय बी टाका. एक बी झाड ठिवू नका." ती जरा थांबली. श्वास पुरत नव्हता. "मी बिचान्यावर पडल्यापासनं हे मानूस घरात बसत न्हाय हो. सकाळधरनं बादल्या घिऊन फिरलालेत. हितनं तितं, तितनं हितं. औशिद देतेत, जिऊ घालतेत, समदं करतेत. पन बसत न्हाईत. ती झाडं सवत झाली बगा माजी. आता मला किती दिस हायेत? ते दिस तरी ह्ये मानूस माज्याजवळ बसू दे की."

तिला एवढंच पाहिजे होतं. कॉटशेजारच्या त्या स्टुलावर नवऱ्यानं बसावं. जगातल्या कुठल्याच बाईनं माझ्याकडे इतकी छोटी जागा मागितली नव्हती.

बाहेर येऊन मी अण्णांना गाठलं. म्हटलं, "अक्का बाग काढा म्हणतीय. तुम्ही तिच्याजवळ बसावं म्हणून म्हणतीय."

अण्णांनी बादली खाली ठेवली. मग म्हणाले, "तिला म्हनावं, बाग ऱ्हाऊ दे."

"अहो, पण ती मेलेली बाग आहे."

"मेलेली तर मेलेली. ऱ्हाऊ दे."

"तुम्हाला आत बसायला काय होतंय अण्णा?"

"बसून काय करू?" ते म्हणाले. बादली उचलली आणि गेले.

मला तेव्हा स्वच्छ वाटलं की मला सगळं कळलं. हा माणूस भ्यायला आहे. बायकोला मरताना बघवत नाही म्हणून पळतोय, आणि बाग ही पळून जायची जागा. अशी माणसं मी बघितली आहेत. दुखणाइताच्या घरात कोणी ना कोणी सारखं औषधं आणायला जात असतं. माझा जीव राजव्वासाठी तुटत होता, आणि अण्णांचा मला राग आला होता. परत आत जाऊन तिला विचारलं, "अण्णा नको म्हणतात. काय करू?"

"घर माज्या नावावर हाय," राजव्वा म्हणाली. एवढं दुखत असून हसली. "मी सांगती तुमाला. काडा."

मी माझ्या स्वतःच्या बागेवर तोवर कधी पेव्हर टाकला नव्हता. दुसऱ्यांनी टाकले, मी बघून हळहळलो, पण आपल्या हातानं कधी नाही. सोलापूरच्या उन्हात ते सिमेंटचे ठोकळे दिवसभर तापतात आणि रात्रभर घराला भाजतात. खाली माती गुदमरते. हे मी लोकांना घसा कोरडा करून सांगत आलो. तरी त्या घरासाठी गाडी भरून पेव्हर आणवले, कारण नुसतं उपटून ठेवलं असतं तर अण्णांनी पुन्हा काहीतरी लावलं असतं.

काम सुरू झालं तेव्हा वाटलं, अण्णा भांडतील. ते भांडले नाहीत. मोगऱ्याच्या काटक्या त्यांनी स्वतः खणून काढल्या, मुळं तुटणार नाहीत अशा बेतानं, मेलेल्या झाडाची मुळं. पोत्यात भरल्या आणि पोतं बाहेर नेऊन ठेवलं. वेल ओढून काढला तशी ओट्यावर ऊन पडलं. मग ओटाही फोडला, कारण पट्टा सपाट करायचा होता. त्या ओट्यावर घाव घालताना माझे हात चालेनात, खोटं कशाला सांगू. खिडकीतून राजव्वा सगळं बघत होती. शेवटची रांग बसली, भेगांत बारीक वाळू झाडून भरली, आणि तिनं आतून हाक मारली.

"आता या आत. बसा हितं."

अण्णा दारात उभे होते. गल्लीतल्या कोणीतरी भरून ठेवलेली बादली त्यांच्या हातात होती आणि ती ओतायला जागा नव्हती. त्यांनी ती फाटकाबाहेर गटारात ओतली, पाय धुतले आणि आत गेले. खिडकीतून मला दिसलं, ते स्टुलावर बसले. राजव्वानं त्यांचा हात धरला. मी हत्यारं गोळा केली. घरी येताना वाईट वाटत होतं, पण मनात हेही होतं की इतक्या वर्षांत मांडलेल्या कुठल्याही बागेपेक्षा हे काम खरं झालं.

राजव्वा पावसाळ्याच्या शेवटी गेली. मला उशिरा कळलं. दिवसकार्य झाल्यावर भेटायला गेलो. पेव्हरच्या भेगांतून गवत आलेलं, त्यावर सायकल आडवी पडलेली. मुलगा भिवंडीला परत गेला होता. अण्णा एकटेच होते. मला त्याच स्टुलावर बसवलं, स्वतः कॉटच्या कडेला बसले. मी काहीबाही बोललो. मग, माझ्या मनात होतं ते, म्हटलं, "शेवटी तुम्ही जवळ होतात, हे तरी झालं अण्णा. तिला तेच पाहिजे होतं."

"व्हय. हाललो न्हाय मी हितनं," ते म्हणाले. "तुमी बाग काडली त्या दिवसापासनं. हात धरून बसलो. एकडाव बी कन्हली न्हाय ती."

"बरंच झालं की. तुम्ही जवळ असल्यानं त्रास कमी झाला असेल."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तरास कमी कुटला, बागवाले? हाडातलं दुखनं ते. माज्याम्होरं ती कवाच कन्हत नव्हती. लग्न झाल्यापासनं न्हाय, बाळातपनात बी न्हाय. मी घरात असलो की दातावर दात दाबून गप. मी भाईर गेलो, की मग कन्हायची. मोठ्यांदी. तितं पानी घालत हुबा ऱ्हायलो की खिडकीतनं समदं ऐकू यायचं. तिला वाटायचं, हे गेले लांब बादल्या आनायला. आनि मी तितंच, भिंतीच्या आडाला. ऐकू आलं की म्हनायचो, कन्हून घे बाई. मग परत एक बादली आनायला जायचो. तिचं हुईस्तवर फिरायचो. तेवडंच मोकळं व्हायची ती."

समोर खिडकी होती आणि खिडकीबाहेर मी बसवलेले ठोकळे.

"मग मला बसवलं तिनं हितं," अण्णा म्हणाले. "दीसभर मी समोर. आनि ती माज्याकडं बगून हसायची. नखं रुतवायची हातात, पन आवाज न्हाय. शेवटच्या दिशी बी न्हाय. मेली, पन कन्हली न्हाय."

त्यांनी तळहात उलटा करून दाखवला नाही की काही नाही.

मी म्हटलं, "अण्णा, हे मला सांगायचं होतं ना त्या दिवशी. मी हातसुद्धा लावला नसता बागेला. मला नाही, तर तिला तरी सांगायचं."

"तिला कसं सांगू?" ते म्हणाले. "मग तिला कळलं असतं की, मला ऐकू येतंय."